वाढ कमी पडलीय

माझी नोकरी वजनमापांच्या खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनं खरी आहेत का बघायची, शिक्का मारायचा. भोरच्या बाजारपेठेत मी शिरलो की भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळे आधी आपापल्या काट्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. माझ्याकडे बघताना त्यांच्या मनात काय येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. एकदा एक भुसारवाला बोलूनच गेला, "साहेब, पोती तोलायचा मोठा काटा नवाच घेतलाय. उभं राहून बघता का?" मी हसलो, पण त्याचा काटा नेहमीपेक्षा जरा जास्तच बारकाईनं तपासला.

तर मी लठ्ठ आहे, हे एकदा सांगून टाकतो. भरदार, अंगानं सुटलेला, खात्यापित्या घरचा, हे सगळे शब्द लोकांनी माझ्यावर वापरून झाले आहेत. शंभरीचा काटा मी केव्हाच ओलांडला. दुसऱ्यांची वजनं तोलण्यात उमर गेली, पण स्वतः काट्यावर उभं राहायचं म्हटलं की मला अचानक महत्त्वाची कामं आठवतात.

लहानपणी मी असा नव्हतो. गडाच्या पायथ्याला पाली हे गाव; त्याच्या वर, गडाची वाट सोडून डोंगराच्या डावीकडच्या सोंडेवर आमची वाडी. शेरडं, मेंढरं आणि दोनचार म्हशी, एवढ्यावर घर चालायचं. एखादं करडू खाली पळालं की ते आणायला मी, आणि पुन्हा पळालं की पुन्हा मीच. मग शाळेसाठी खाली उतरलो, कॉलेजसाठी भोरला आलो, नोकरी लागली, लग्न झालं, आणि उतरलेला माणूस परत चढायचा राहून गेला.

आक्का वरच राहिली. ती माझी थोरली बहीण. तिला दिली तीही त्याच सोंडेवरच्या शेजारच्या वाडीत. दसरा झाला की दाजी आणि भाचा मेंढरं घेऊन देशावर जातात ते चांगले काही महिने येत नाहीत. मागं आक्का, तिची म्हैस, शेरडं आणि एक भुंकभुंक भुंकणारं कुत्रं. वाडीतली बाकीची घरंही त्या दिवसांत अशीच अर्धी रिकामी असतात.

भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी जायचं असतं. गेली काही वर्षं आमच्याकडे मात्र बहीणच भावासाठी डोंगर उतरून येत होती. मी पालीपर्यंत गाडीनं जायचो आणि फोन करायचो. आक्का कडेवर मूल घ्यावं तसं टोपलं घेऊन खाली यायची. टोपल्यात ताट, निरांजन, कुंकू, सुपारी, तांदूळ आणि फडक्यात बांधलेल्या करंज्या. एसटी थांब्याजवळच्या झाडाखाली एका दगडावर मला बसवून ती ओवाळायची. वारा निरांजन विझवायचा, ती पुन्हा पेटवायची, पुन्हा विझायचं. गडावर निघालेली पुण्याची पोरं थांबून आमचे फोटो काढायची. एका मुलीनं मला फार आदरानं विचारलं, "काका, गड चढायच्या आधी हे करायचं असतं का?" मी म्हटलं, "नाही, न चढण्याबद्दल करायचं असतं." ती मान हलवून पुढं गेली. तिला ते पटलं असावं.

यंदा दसऱ्यानंतर आक्काचा फोन आला.

"भावड्या, औंदा म्या खाली यायची न्हाई. म्हस व्यायला झालीया. तुजं दाजी मेंढरामागं गेल्यात. तिला टाकून कुटं येऊ?"

"बरं. मग कसं करायचं?"

"कसं म्हंजी? तू वर ये."

"आक्का, मला चढवत नाही. तुला माहीत आहे."

तिच्या मागं शेरडू ओरडत होतं. मग ती म्हणाली, "न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे. म्या चंद्राला ववाळीन."

हे वाक्य ज्याला समजलं नाही त्याच्यासाठी सांगतो. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. चंद्र सगळ्यांचा मामा, म्हणजे आयांचा भाऊ, असा तो हिशोब. भाऊ असलेली बाई चंद्राला ओवाळत नाही. आक्कानं हे रागानं म्हटलं असतं तर मी उलटून काही बोललो असतो. तिनं ते, आज भाकरीबरोबर झुणका करीन, इतक्या साधेपणानं म्हटलं. माझ्या छातीत काहीतरी लागलं, आणि ते हृदयाचं दुखणं नव्हतं. हृदय त्याआधीच तपासून झालं होतं.

"कधीपर्यंत वाट बघशील?" मी विचारलं.

"बिजंचा चंद्र किती येळ ऱ्हातुया? दिस बुडला की दिसतुया, आन लगी डोंगराआड जातुया. तवर बगीन. तवर जेवायची बी न्हाई."

तेव्हा ठरलं. मला वर जायचं होतं, आणि चंद्राच्या आधी जायचं होतं.

आता माझ्या दमण्याविषयी. लोकांना वाटतं जाड माणूस लवकर दमतो. ते खरंच आहे, पण माझी खरी अडचण दमल्यानंतर सुरू होते. दुसरा माणूस जिना चढून धापा टाकतो, पाणी पितो, आणि दोन गप्पा होईतो पुन्हा ताजा. मी धापा टाकतो, पाणी पितो, गप्पा मारतो, गप्पा संपतात, समोरचा निघून जातो, आणि माझे पाय तसेच. आमच्या ऑफिसच्या जिन्याला मधे वळणावर एक खिडकी आहे. त्या खिडकीतून दिसणारा भोरचा देखावा माझ्याइतका कुणी बघितला नसेल. श्वास लागलेला निवतो, पण पायात जीव येत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं हृदय चांगलं आहे. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं फुप्फुसं चांगली आहेत. इतकी चांगली बातमी ऐकून मी वैतागलो.

शेवटी बायकोनं मला पुण्याला हार्मोनच्या डॉक्टरांकडे नेलं. माझी बायको भोरमध्ये शिक्षिका आहे आणि एखादी गोष्ट समजेपर्यंत सोडत नाही. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "चला, तुमच्या पायात जीव कधी येतो ते मोजू."

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच तसं यंत्र होतं, चुंबकाचं, नळकांड्यासारखं. मी आत मावेन का ही माझी पहिली शंका. फक्त पाय आत जाणार होते म्हणून निभावलं. दुसरी शंका सवयीनं तोंडातून गेली, "या यंत्राची पडताळणी कधी झाली?" तिथली तंत्रज्ञ मुलगी गडबडली. बायकोनं तिला सांगितलं, "लक्ष देऊ नका, ते उसाच्या काट्यालाही हेच विचारतात."

पायाखाली एक पट्टी होती. ती पायानं दाबत राहायची, पोटरी भरून येईपर्यंत. मग "थांबा" म्हणायचे, आणि थांबायचं. नुसतं पडून राहायचं. खरी तपासणी त्या पडून राहण्याची होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवडीच्या विषयाची परीक्षा मिळाली, आणि त्यातही मी मागं पडलो.

डॉक्टरांनी मग समजावलं. स्नायूला ताबडतोब लागणारी ताकद त्याच्यातल्याच एका छोट्या साठ्यातून येते. त्याचं नाव फॉस्फोक्रिएटिन. काम केलं की साठा उतरतो, थांबलं की पेशीतल्या भट्ट्या जेवलेल्या अन्नातून आणि श्वासातल्या हवेतून ताकद काढून तो परत भरतात. "तुमचा साठा भरतो," त्या म्हणाल्या, "पण सावकाश."

मला एकदम आमच्या घरावरची टाकी दिसली. भोरमध्ये दाब कमी असला की मोटार घुमत राहते आणि पाणी मात्र बारीक धारेनं वर येतं. टाकी तीच, नळ तोच, वेळ तेवढा दुप्पट. मी तसं म्हटल्यावर डॉक्टर खूश झाल्या. "अगदी तसंच. आणि तो दाब कमी का, त्याचा एक धागा रक्तात सापडला. तुमचं वाढीचं हार्मोन कमी आहे."

मी माझ्याकडे बघितलं. बायकोनंही माझ्याकडे बघितलं. "वाढीचं?" मी विचारलं. "कमी?"

त्यांनाही हसू आवरेना. मग सांगितलं, की हे हार्मोन मेंदूच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतून येतं. लहानपणी उंची वाढवतं म्हणून त्याला ते नाव, पण मोठेपणीही त्याची कामं चालूच असतात. चरबी वापरायला लावायची, स्नायू राखायचे. त्याच्या सांगण्यावरून यकृत आणखी एक हार्मोन बनवतं, तेही माझ्यात कमी. वाढीचं हार्मोन दिवसभर सारखं वाहत नाही, मधून मधून उसळी मारून येतं, आणि सगळ्यात मोठी उसळी गाढ झोपेत. पोटाभोवती चरबी जमत जाते तशी ही उसळी दबत जाते. आणि ज्यांच्यात ती दबलेली असते त्यांच्या स्नायूंचा साठाही सावकाश भरताना दिसतो.

"म्हणजे याच्यामुळंच ते?" बायको.

"दोन्ही सोबत दिसतात एवढं नक्की," डॉक्टर म्हणाल्या. "हे कमी म्हणून ते सावकाश, की चरबीमुळं दोन्हीही, ते मी छातीठोक सांगणार नाही."

मला ही बाई तिथं आवडली. आमच्या खात्यातही जो काटा ग्रॅमभर हलतो तो प्रामाणिक. जो एकाच आकड्यावर ठोकल्यासारखा बसतो त्याच्याखाली लोहचुंबक असतं.

"मग द्या की त्याचं इंजेक्शन," मी म्हटलं. त्यांनी साफ नाही सांगितलं. साखर वाढते, अंगाला सूज येते, सांधे धरतात, आणि माझी ग्रंथी काही बिघडलेली नाही, दबलेली आहे. वजन उतरलं की बऱ्याच जणांत ती आपसूक डोकं वर काढते. रात्री लवकर आणि हलकं जेवा, मोबाईल बाजूला ठेवून झोपा, रोज चाला, थोडं दम लागेल असं. निघताना मी त्यांना चंद्राचं सांगितलं. त्या पहिल्यांदाच जरा थांबून बोलल्या, "चढा ना. हृदय चांगलं आहे. फक्त टाकी पार कोरडी करू नका, आणि थांबलात की नीट थांबा. तुमची मोटार बंद नाहीये, हळू आहे."

त्या रात्री मी आक्काला फोन केला आणि इथं घोळ झाला.

"डॉक्टर म्हणाल्या माझ्यात वाढीचं कमी आहे, आक्का."

"काय कमी हाय?"

"वाढीचं. वाढ कमी पडते."

पलीकडून एकदम वरचा सूर. "वाढ कमी पडतीया? आन कोन वाढतंय तुला? दे तिला फोन!"

मी काही म्हणायच्या आत बायकोनं आवाज ऐकून फोन घेतला होता. "आगं, माज्या भावाला जेवायला वाढीत न्हाईस व्हय? दिसभर हापिसात राबतुया त्यो! डाक्टरीन सांगतीया वाढ कमी पडलीया म्हून, तुला लाज न्हाई वाटत?" बायको बिचारी "अहो वन्सं, ती वाढ नाही, ती वाढ" असं म्हणत राहिली. मराठीत ही दोन्ही एकच असल्यानं तिची बाजू काही पुढं सरकेना. जेवायला वाढणं आणि अंगानं वाढणं यांना वेगवेगळा शब्द करायला आमच्या पूर्वजांना काय झालं होतं कोण जाणे. कदाचित त्यांना दोन्ही एकच वाटत असावं, आणि माझ्याकडे बघता त्यांचं फारसं चुकलेलंही नाही.

दोन दिवसांनी पालीहून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतून आमच्या दारात एक किटली उतरली. घट्ट म्हशीचं तूप. सोबत निरोप, "रोज भातावर दोन पळ्या वाढायच्या, आमी इचारनार हाय." बायकोनं किटली माळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "वन्संना सांगा, या घरात वाढायला कमी नाही, 'पुरे' म्हणायला कमी आहे." ते मी आक्काला सांगितलं नाही. घरात शांतता हवी असेल तर सगळे निरोप पोचवू नयेत.

मग चालणं सुरू झालं. रोज संध्याकाळी भोरहून उत्रोलीकडे. भात पिकून वाकलेला, वारा अंगावर घेत जायचं, रस्ता सपाट, देखावा छान. पण आमच्या भागात पायी चालणारा साहेब ही गोष्ट लोकांना सहन होत नाही. पहिल्याच दिवशी एक दुचाकी थांबली. "साहेब, गाडी बंद पडली का? बसा." मग एक ट्रॅक्टर. मग उत्रोलीचाच एक टेम्पो, मागं भाताच्या पेंढ्या. "साहेब, पुढं बसा, जागा करतो." मी नाही म्हटलं की ते जास्त हळू आवाजात विचारायचे, "काही झालंय का?" आठवडाभरात बाजारात दोन कहाण्या पसरल्या. एकीत माझी गाडी बँकेनं ओढून नेली होती, दुसरीत माझं बायकोशी वाजलं होतं आणि मी घर सोडून निघालो होतो, पण दम लागल्यामुळं रोज उत्रोलीवरून परत येत होतो. ही दुसरी मला खरोखर आवडली.

चालताना मी एक गोष्ट शिकलो. पूर्वी मी दम लागेपर्यंत चालायचो, आणि मग अपमान झाल्यासारखा उभा राहायचो, कुणी बघत नाही ना हे बघत. आता पोटरी जड व्हायला लागली की आधीच बसायचो. मोरीच्या कठड्यावर, बांधावर, कुठंही. पायात जीव येईपर्यंत नीट बसायचं. आपल्याकडे त्याला फार छान शब्द आहे, दम खाणे. खाण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही, मग दम खायला मला कसली लाज? मी तो पोटभर खायला लागलो. दिवाळीपर्यंत उत्रोली माझ्यासाठी जवळ आली. पँट कमरेवर फिरायला लागली. काट्यावर मात्र मी उभा राहिलो नाही. सवयी एकदम मोडू नयेत.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. पण आधी माझ्या बायकोचा भाऊ पुण्याहून यायचा होता, तिच्याकडे ओवाळून घ्यायला. तो थेट दारापर्यंत गाडी आणणारा भाऊ. महामार्गावर दिवाळीची गर्दी, त्यात तो अडकला. आला तेव्हा दुपार होत आली होती. ओवाळणं, जेवण. मी अर्धपोटी उठलो तर तो काळजीनं म्हणाला, "भावजी, एवढंच?" बायको म्हणाली, "त्यांची वाढ कमी आहे." मग त्यानंच मला गाडीत घातलं आणि कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत पालीला आणून सोडलं. माझ्या पिशवीत आक्कासाठी साडी आणि पाण्याची बाटली. लाडूंचा डबा बायकोनं दिला नाही. "तिच्यापर्यंत पोचणार नाही," म्हणाली. तिला माझी पारख आहे.

पालीत उतरलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मी वर बघितलं. सोंड लहानपणी एवढी उंच नव्हती.

चढायला लागलो. पोटरी जड झाली की बसायचं, हे पाठ होतं. पहिले काही टप्पे छान गेले. बसलो, दम खाल्ला, उठलो. पण मग सपाटीवर कळलं नव्हतं ते कळलं. चढावर साठा भराभर उतरतो आणि भरतो मात्र तसाच सावकाश. बसणं लांबायला लागलं. एका दगडावर मी इतका वेळ बसलो की एक सरडा येऊन माझ्या पिशवीवर ऊन खायला लागला. तिथून गडाकडे जाणारी पोरं खाली दिसत होती. वाट चुकून एक घोळका माझ्यापर्यंत आला. त्यातल्या एकीनं मला खजुराची वडी देऊ केली आणि इंग्रजीत धीर दिला. मी म्हटलं, "बाळा, गडाची वाट ती तिकडं. ही माझ्या बहिणीकडं जाते." ते सगळे हसत परत फिरले. त्यांना परत फिरायलासुद्धा दम लागला नाही, याचा मला थोडा राग आला.

सूर्य खाली सरकत होता. आता खरी पंचाईत होती. घाई करावी तर टाकी कोरडी, आणि मग अर्धा तास हलणं नाही. बसावं तर चंद्र थांबणार नाही. एकदा मी घाई केली. एक टप्पा न थांबता चढलो, खुशीत, आणि मग पायांनी साफ संप केला. मी एका आंब्याच्या बुंध्याला टेकून खाली बसलो. मला भीती वाटली. ती स्वतःच्या जिवाची नव्हती. आक्का अंगणात ताट घेऊन पश्चिमेला तोंड करून उभी आहे, असं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि माझे डोळे भरले. मी चांगला मोठा माणूस, डोंगरात एकटा बसून रडलो, आणि तेही बसल्या बसल्या, कारण उठून रडायचीसुद्धा ताकद नव्हती.

डॉक्टरांचं बोलणं आठवलं. मोटार बंद नाही. मी डोळे पुसले, पाय पसरले, आणि दम खाल्ला. सावकाश, सगळा. समोर सूर्य डोंगराआड गेला. आभाळ केशरी झालं, मग फिकट, आणि त्या फिकटात नखाएवढी कोर दिसली. बिजेचा चंद्र. तो बघूनही मी उठलो नाही. पायात जीव आला तेव्हा उठलो.

शेवटची चढण. वाडीची घरं दिसायला लागली, अर्धी अंधारी. एका अंगणाच्या कडेला दिवा दिसला. ताटातला. ताट दोन्ही हातांत धरून आक्का उभी होती, तोंड पश्चिमेला, आणि समोर डोंगराच्या माथ्याला टेकलेली ती कोर. ती ताट जरा वर करायची, जरा खाली.

मला ओरडायचं होतं, "आक्का, थांब." तोंड उघडलं, पण श्वासाशिवाय काही बाहेर आलं नाही. उरलेला चढ मी कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. कुत्रं भुंकायला लागलं. मी अंगणाच्या कडेला पोचलो, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो. तेवढ्यात कोर डोंगराआड गेली.

"ओवाळलंस?" मी कसंबसं विचारलं. "चंद्राला?"

"त्याला कशाला?" आक्का म्हणाली. "तुला वाट दिसना, म्हून दिवा धरला. हात दुकाय लागला माजा."

मग तिनं ताट खाली ठेवलं आणि मला अंगणातल्या बाजेवर बसवलं. "दम खा आदी."

मी दम खात बसलो. ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, दुपारपासून ती अंगणाच्या कडेलाच होती. तिथून सगळी वाट दिसते. मी कुठं बसलो, कुठं उठलो, सगळं तिनं बघितलं होतं. "तू बसला की म्या बसायची. तू उटला की म्या उटायची. त्या आंब्याखाली लई येळ बसलास, तवा म्या खाली यायला निगाली हुती. मग तू उटलास."

मी खाली अंधारात तो आंबा शोधत राहिलो.

तिनं मला पाटावर बसवून ओवाळलं. वारा नव्हता, निरांजन एकदाही विझलं नाही. साडी बघून म्हणाली, "हिरवी हाय, बरी हाय," म्हणजे फार आवडली. गोठ्यातून म्हैस हुंकारली. तिचं अजून व्हायचं होतं. मग आक्का चुलीकडे वळली. "चल, बस. वाढते. तुज्यात वाढ कमी हाय न्हवं?"

ती सकाळपासून उपाशी होती. माझ्या सावकाश भरणाऱ्या पायांची वाट बघत. आणि दाजी गेल्यापासून रोज ती एकटीच स्वतःला वाढून घेते आणि एकटीच जेवते, हे त्या चुलीजवळ पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं.

"आक्का, तू बस," मी म्हटलं. "आज मी वाढतो."

"आरं, गड्यानं वाढायचं व्हय?"

"बस म्हटलं ना."

ती बसली, पण पाटावर नीट नाही, उठायच्या तयारीत. मी तिच्या ताटात भाकरी ठेवली, घेवड्याची भाजी घातली, गरम भात, त्यावर आमटी, आणि तिच्याच तुपाची पळी. माझ्या खात्यात कमी माप दिलं तर गुन्हा आहे. जास्त दिलं तर कुणी विचारत नाही. मी झुकतं माप घातलं. ती जेवायला लागली. आधी संकोचानं, मग भूक लागलेल्या माणसासारखी. मधेच थांबून म्हणाली, "माज्या ताटात कुनी वाढलं न्हवतं रं लई दिसांत."

मी पुन्हा भाताचं पातेलं उचललं.

"बास की आता," ती ताटावर हात धरून म्हणाली. "वाढ कुनात कमी हाय, माज्यात का तुज्यात?"

"तुझ्यात," मी म्हणालो, आणि तिचा हात बाजूला करून आणखी एक डाव वाढला.